मालनला नको होतं

कशेळे, ता. कर्जत
१९ जानेवारी २०२५

आनंदी,
सप्रेम जय भीम.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं तुझ्या ऋतिकने आमच्या मिलिंदला फोनवर सांगितलं आणि मिलिंदने मला कागदावर लिहून दाखवलं. मला फोनचा काही उपयोग नाही हे तू जाणतेस. रसायनीला आमच्या कंपनीच्या कँटीनची भिंत कंप्रेसरला लागून होती. एकतीस वर्षांत त्याने माझे कान खाल्ले. म्हणून पत्र लिहितो आहे.

तुझ्या बहिणीला दहा तारखेला पनवेलच्या दवाखान्यातून घरी आणलं. लिव्हरचा कॅन्सर पसरला आहे, आता औषधाचा उपयोग नाही, असं डॉक्टर मिलिंदला म्हणाले. पुढे म्हणाले, घरी न्या आणि आवडतं ते खायला द्या. ते शेवटचं बोलणं मी धरून ठेवलं आहे. एका पाळीला चारशे माणसं माझ्या हातचं जेवायची. एका बाईच्या अंगावर मूठभर मांस चढवणं मला जमू नये?

रोज पाचला उठतो. सकाळी नाचणीची आंबील, दहाला अंड्याचा बलक घालून दूध, दुपारी मऊ भात आणि तूप घातलेलं वरण, संध्याकाळी पायाचं सूप. सूप चार तास मंद आचेवर ठेवतो. मालन सगळं संपवते. मी विहिरीवर किंवा बाजारात जाऊन येईपर्यंत वाटी रिकामी झालेली असते. तरी वजन एक्केचाळीसवरून सदतीसवर आलं. हे गणित मला सुटत नाही. खाल्लेलं जातं कुठे?

कर्जतहून हर्षला नावाची सिस्टर दर मंगळवारी येते. असे बरे न होणारे पेशंट ती घरोघर जाऊन बघते, दुखण्याचं औषध देते. मोठ्या अक्षरात लिहून मला म्हणाली, "काका, आग्रह करू नका." पंचविशीतली पोर. तिने अजून एका माणसाचाही धड स्वयंपाक केला नसेल. मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

तुझा फोन आला की मालन खुलते. पदर तोंडाला लावून तुझ्याशी हसत असते, मी तिचे पाय चेपत बघत असतो. तू तिला जरा विचार, काय खावंसं वाटतं. माझ्याकडे मागायला संकोचत असेल. हिरव्या वाटाण्याची उसळ म्हण, भरलं वांगं म्हण, काय म्हणेल ते करीन.

गुडघ्याला जप. जिना चढू नकोस.

कोंडीराम


शिळफाटा, खोपोली
२७ जानेवारी २०२५

ती. दाजींना,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. अक्काशी फोनवर बोलले. तिला विशेष काही नको आहे. तुम्ही करता ते चांगलंच असतं, असं म्हणाली. फक्त थोडं कमी द्यावं, असं मला वाटतं. वाटीच्या जागी लहान वाटी घ्या. सूप रोज नको. तूप कमी घाला, वासाने आजारी माणसाला मळमळतं. हे मी माझ्या मनाचं सांगते आहे, तिने सांगितलेलं नाही.

आणि दाजी, त्या सिस्टरचं ऐकत चला. वयाने लहान असली तरी अशी माणसं ती रोज बघते.

मला डॉक्टरांनी सहा आठवडे जीपमध्ये बसायला बंदी घातली आहे. नाहीतर मी कधीच आले असते. व्यायाम करून घ्यायला एक मुलगा येतो, तो पाय वाकवतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. ऋतिक कामावर जायच्या आधी मला चहा करून देतो. यांच्यामागे या घरात मी आणि तो, दोघंच. बाकी सगळं ठीक.

तुम्ही स्वतः काय खाता, ते काही लिहिलं नाहीत.

आनंदी


कशेळे
५ फेब्रुवारी २०२५

आनंदी,
जय भीम.

खाल्लेलं कुठे जातं ते मला कळलं.

गेल्या गुरुवारी कढीपत्ता मागायला शेजारी चिंधीकडे गेलो. तिचा नवरा पडवीत जेवत होता. त्याच्या वाटीत माझं सूप होतं. माझी फोडणी मला दुरून ओळखू येते. चिंधीने कान पकडले, हात जोडले. मग तिच्या सुनेने लिहून दाखवलं. मी बाहेर पडलो की मालन हाक मारते आणि वाटी चिंधीच्या पदराखाली देते. रोजचं चाललं आहे, दवाखान्यातून आल्यापासून.

मला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. माझ्या बायकोने माझ्या हातचं अन्न चोरासारखं घराबाहेर काढावं. त्या दिवशी शिरा केला, दूध घालून अगदी सैल. तिच्यासमोर बसलो आणि माझ्या हाताने भरवला. ती तोंड उघडत होती. तिने एकदाही मान फिरवली नाही. पाच-सहा घास गेले असतील. मी वाटीत बघून पुढचा चमचा भरत होतो. तिला ठसका लागला तो मला ऐकू आला नाही. मान वर केली तर डोळे पांढरे झालेले, ओठ निळे. चिंधी आवाज ऐकून धावत आली, तिने तिला कुशीवर वळवलं. मी हातात चमचा धरून उभा होतो.

घास छातीत गेला. ताप भरला. मिलिंद पुण्याहून आला, दोन दिवस पनवेलला ठेवलं, आता घरी आहे. ताप उतरला पण गिळताना त्रास होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, घरच्यांची इच्छा असेल तर नाकातून नळी घालू, तिच्यातून पातळ अन्न सरळ पोटात जाईल. मिलिंदचं ठरलं आहे. येत्या सोमवारी न्यायचं आहे आणि कागदावर सही मला करायची आहे.

मालनला विचारलं तर म्हणते, तुमी म्हणाल तसं.

आनंदी, माझ्या भावाला, नामाला तू सत्तेचाळीस दिवस नळीने जेवू घातलंस. सगळ्या नातेवाइकांत तुझं नाव निघतं, आनंदीने नवऱ्याला उपाशी जाऊ दिलं नाही. तुझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? नळीने दुखतं का? अंगी लागतं का? मी सही करू का? सोमवारच्या आत लिही.

कोंडीराम


शिळफाटा
८ फेब्रुवारी २०२५

ती. दाजी,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. हे उत्तर पोस्टात टाकत नाही. उद्या रविवार आहे, ऋतिक मोटारसायकलवरून आणून तुमच्या हातात देईल. त्याच्यासमोर वाचू नका.

आधी अक्काचं सांगते. मी तिला शब्द दिला होता, तो मोडते आहे.

ती फोनवर हसत नव्हती, दाजी. तुम्हाला तिचे ओठ वाचता येतात म्हणून ती पदर लावायची. तुम्ही पाय चेपत असायचात आणि ती मला सांगत असायची. एकदा म्हणाली, "आनंदे, चुलीवर काय चढलं की वासानंच पोट वर येतं गं. भूक म्हणजे काय तेच इसरले मी. पण ह्यांनी पाचला उठून केलेलं असतंय, नको कसं म्हनू? ह्या माणसाला रांधायचं सोडून दुसरं काय येतंय? ते बी नको म्हनले तर ते करतील काय दिवसभर?" मी तुम्हाला लिहिते म्हटलं तर शपथ घातली. मी गप्प बसले. कमी द्या, तूप घालू नका, असलं काहीबाही लिहून पाठवलं. मी तेव्हाच खरं लिहिलं असतं तर तो शिरा तुम्ही भरवला नसता. हे माझ्याकडे राहील.

आता यांचं.

यांना दुसऱ्यांदा अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की आता सुधारणा होणार नाही. मी नळीसाठी हट्ट धरला. माझ्या घरात माणूस उपाशी जाणार नाही, असं मी चार लोकांत बोलले. नळी घातली. पहिल्याच दिवशी यांनी ती ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा नाकातून रक्त आलं. मग तिथल्या माणसाने पट्ट्या आणल्या आणि यांचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना बांधले. त्याने मला विचारलं होतं, "मावशी, बांधू ना?" मी हो म्हटलं.

यांना बोलता येत नव्हतं. डोळे चांगले होते. बांधलेल्या हातांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी दर तीन तासांनी नळीत दूध ओतायचे आणि त्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचे. अंगावर सूज आली, छातीत पाणी झालं. सत्तेचाळीस दिवस, दाजी. शेवटच्या दिवशीही हात बांधलेले होते. गेल्यावर सोडले, मनगटावर वळ होते.

तुम्ही आणि अक्का भेटायला आला होतात तेव्हा मी त्यांच्या हातांवर चादर घातली होती. तुम्ही म्हणालात, आनंदी, धन्य आहे तुझी. सहा वर्षं झाली. मी हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही. ऋतिक तेव्हा कॉलेजात होता, तो संध्याकाळी यायचा. त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, फक्त रात्रीपुरते बांधतात.

नळी वाईट असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या गोदाच्या भावाला घशाच्या ऑपरेशननंतर दोन महिने नळी होती. आज तो शिळफाट्याच्या नाक्यावर रिक्षा चालवतो. तो बरा होणार होता. नळीने त्याला तोवर तग धरता आला. तुमचे भाऊ बरे होणार नव्हते आणि ते मला माहीत होतं.

सही करायची की नाही, हे मी सांगणार नाही. अक्काला विचारा. तुमी म्हणाल तसं, हे तिचं उत्तर नाही. ते ती चव्वेचाळीस वर्षं देत आली आहे. पदर खाली घ्यायला सांगा आणि पुन्हा विचारा.

आनंदी


कशेळे
१६ फेब्रुवारी २०२५

आनंदी,
जय भीम.

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. पहिल्यांदा तुझाच राग आला. मी समोर बसलेलो असताना तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलत होतात आणि मी वेड्यासारखा तुमच्याकडे बघून हसत होतो. ऋतिकला चहासुद्धा विचारला नाही. पोरगं तसंच परत गेलं, त्याला माझ्या वतीने सांग.

नामाबद्दल मी काही लिहीत नाही. मला लिहिता येत नाही. तू मला हे सांगितलंस, एवढं मी विसरणार नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मालनसमोर बसलो. पदर खाली घे म्हटलं. विचारलं, "जेवायला नको वाटतंय का तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ हलले. "नको वाटतंय."

"मग सांगितलं का नाय?"

"तुमी काय केलं असतं मग?"

नळीचं विचारलं. तिने नाकाला हात लावला आणि मान हलवली. दोनदा हलवली. मी चुकीचं समजू नये म्हणून.

मी सही करणार नाही, असं मिलिंदला सांगितलं. त्याने फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरलं, "आईला उपाशी मारायचं का?" मी फोन बाजूला केला तर पुन्हा पुढे धरला. पोटच्या पोराने असं विचारावं. त्याचंही चूक नाही, महिन्यापूर्वी मीही तेच विचारलं असतं. सोमवारी तो दवाखान्यात फोन करून नको म्हणाला, पण माझ्याशी बोलत नव्हता.

मंगळवारी हर्षला सिस्टर आली. अंगणात मिलिंदसमोर तासभर बसली. तो रडला, ते मी खिडकीतून पाहिलं. मग तिने माझ्या वहीत लिहून दिलं. तिच्याच शब्दांत उतरवतो. "काका, काकू जेवत नाहीत म्हणून जात नाहीयेत. त्या निघाल्या आहेत, म्हणून जेवण सुटलं आहे. शरीराला आता अन्न चालवता येत नाही. आपल्याला भूक लागल्यावर होतात तसे हाल त्यांचे होत नाहीत. पोट भरायचं सोडा. तोंडाला चव द्या, तोंड ओलं ठेवा."

तिने मला भरवायला शिकवलं. या वयात, मला. डोकं आणि पाठ उशांनी उंच करायची. लहान चमचा घ्यायचा, तोही अर्धा. खालच्या ओठाला टेकवायचा आणि थांबायचं. तिने तोंड उघडलं तरच आत. गिळलं का ते गळ्याकडे बघून ओळखायचं, मला ऐकू येत नाही म्हणून हे मुद्दाम. तोंड मिटलं की संपलं, मग वाटीत कितीही उरलेलं असो. गुंगीत असताना काहीही द्यायचं नाही. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसायची.

माझी सवय मोडत नाही. चमचा थांबवला की हात आपोआप पुढे जातो. शिकवताना सिस्टरने माझं मनगट धरलं.

काल मालनने स्वतःहून मागितलं, लिंबाच्या लोणच्याचा खार. मी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. तिने डोळे मिटून तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा जीभ काढली. दोन वेळा, बस. दिवसभरात एवढंच आणि चार चमचे पेज. पायाच्या सुपाचं पातेलं मी माळ्यावर टाकलं.

तुझे सहा आठवडे कधी होतात? फार लांबवू नकोस.

कोंडीराम


कशेळे
९ मार्च २०२५

आनंदी,
जय भीम.

तू अंत्यविधीला आणि गेल्या रविवारी पुण्यानुमोदनाला आलीस, पण त्या गर्दीत काही विचारता आलं नाही. म्हणून लिहितो.

वीस तारखेला ऋतिक मित्राच्या गाडीतून तुला घेऊन आला होता, त्यानंतर मालन बरोबर सात दिवस होती. तू गेल्यावर तीन दिवस थोडं थोडं घेत होती. एकदा शहाळ्याचं पाणी, एकदा पेज. चोवीसला चमचा ओठाला टेकवला तर तिने ओठ घट्ट मिटले. मी चमचा वाटीत ठेवला. पुढे फक्त ओला कापूस. मिलिंद सुट्टी टाकून राहिला होता. कापूस तो फिरवायचा. मऊ हाताने करायचा, मी त्याला इतकं सावकाश काही करताना कधी पाहिलं नव्हतं.

सत्तावीसला सकाळी नऊच्या सुमाराला तो तोंड पुसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला समजलं. हात माझ्या हातात होता. ताप नव्हता, तडफड नव्हती. आमच्या दोघांपैकी कुणाला कळायच्या आत गेली.

आता एक सांगतो. भेटायला जो येतो तो मिलिंदला एकच विचारतो, शेवटी काही पोटात गेलं होतं का? तो मला लिहून दाखवतो, कारण उत्तर त्याला देववत नाही. पहिले तीन दिवस मी सगळ्यांना सांगितलं, दोन चमचे पेज घेतली. मग पाचव्या दिवशी वरच्या आळीची मंगळी आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, अन्ननलिकेच्या दुखण्याने. तिनेही तेच विचारलं. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "नाय. तिला नको होतं. आमी चार दिवस काय दिलं नाय." घरातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मंगळी काही बोलली असेल तर मला कळलं नाही. ती उठायला निघाली होती, ती पुन्हा खाली बसली आणि पार दुपार होईपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिली.

स्वयंपाक पौर्णिमा करते. सून चांगलं करते, मीठ कमी असतं. मी जेवतो, काळजी करू नकोस.

विचारायचं ते हे. तू आलीस त्या दिवशी तुम्ही दोघी बराच वेळ बोलत होतात. मी तिच्या पायाशी बसलो होतो. पदर नव्हता तोंडावर, पण शेवटी शेवटी तिचे ओठ नीट हलत नव्हते, मला काही वाचता आलं नाही. ती काय म्हणाली? मला उद्देशून काही असेल-नसेल, जे असेल ते सांग. बरं वाटावं म्हणून घालून लिहू नकोस.

कोंडीराम


शिळफाटा
१७ मार्च २०२५

ती. दाजी,
सविनय जय भीम.

घालून काही लिहिणार नाही.

आधी माझं सांगते. ऋतिकला मी यांच्या हातांचं खरं काय ते सांगितलं. रात्रीपुरते नव्हते, सत्तेचाळीस दिवस बांधलेले होते, आणि मी हो म्हटलं होतं. तो ऐकून उठला आणि बाहेर गेला. उशिरा आला. अजून त्या विषयावर एक शब्द बोललेला नाही. सकाळचा चहा करून देतो तेवढा. मी वाट बघते आहे. सांगितल्याचा पस्तावा होत नाही.

त्या दिवशी अक्का बहुतेक सगळं जुनंच बोलली. आमच्या माहेरच्या विहिरीत पडलेली शेळी आणि ती काढायला उतरलेले मामा. आमची आई. मी लहानपणी तिच्या वेण्या ओढायचे ते. मिलिंदच्या वेळी ती बाळंतपणाला आली होती तेव्हाचा पाऊस. मध्ये मध्ये झोपायची, जागी झाली की जिथे सुटलं तिथून पुढे. निरोप असा तिने कुणालाच दिला नाही. मिलिंदलाही नाही, मलाही नाही. तुम्ही मनात काही धरून बसला असाल तर तसं काही नव्हतं.

तुमच्याबद्दल एकदाच बोलली. तुम्ही तिला पेज भरवली त्यानंतर. आठवत असेल, तिने तिसऱ्या चमच्याला ओठ मिटले. तुमचा हात पुढे यायला निघाला होता आणि तुम्ही तो मागे घेतलात. वाटी खाली ठेवलीत, तिचं तोंड पुसलंत आणि पायाशी जाऊन बसलात.

तेव्हा ती मला म्हणाली, "बघितलंस? आता माझं ‘नको’ त्यांला ऐकू येतंय."

आवाज अगदी बारीक होता, मला कान जवळ न्यावा लागला. ती हसत होती, दाजी. या वेळी खरंच हसत होती. तुम्ही वर पाहिलंत आणि मला खुणेने विचारलंत, काय म्हणते? मला रडू येत होतं. मी हात हलवून सांगितलं, काही नाही.

आनंदी